उणे दहा अंशांचा हट्ट

शीतकरणाची सोय असलेला खगोलछायाचित्रणाचा कॅमेरा पहिल्यांदा दुर्बिणीला जोडला, त्या रात्री मी सुमारे दीड तास फक्त एक आकडा बघत बसले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात सेन्सरचे तापमान दिसत होते: उणे ५.८, उणे ६.१, उणे ६.०, पुन्हा उणे ५.७. मी मागितले होते उणे १०. त्याच्याच खाली शीतकरणाला लागणारी वीज १०० टक्के दिसत होती आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पंखा जीव तोडून फिरत होता. बाहेरचे तापमान २९ अंश होते. हंस तारकासमूह माथ्यावर आला, पश्चिमेकडे कलूही लागला, आणि मी मात्र तापमान उणे १० वर येण्याची वाट पाहत एकही फ्रेम न घेता बसून राहिले. हा हट्ट सुटायला पुढे जवळपास एक वर्ष गेले, आणि तो सुटेपर्यंत हा कॅमेरा आपण नेमका कशासाठी घेतला हेच मला नीट उमगले नव्हते.

त्याआधीची दोन वर्षे मी साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर काढली होती. त्या कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. ताऱ्यांचा माग काढणे, फोकस करणे, फ्रेम एकावर एक रचणे हे सगळे मी त्याच्यावरच शिकले. अडचण होती ती उष्णतेची. सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन जसे प्रकाशाने सुटतात तसेच केवळ उष्णतेनेही सुटतात. पिक्सेलच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण साठलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी कोणता देवयानी दीर्घिकेतून २५ लाख वर्षे प्रवास करून आलेल्या प्रकाशाने सुटला आणि कोणता नुसत्या उकाड्याने, हे सांगणारी कोणतीही खूण त्याच्यावर नसते. प्रकाश नसतानाही साठणाऱ्या या प्रवाहाला डार्क करंट म्हणतात, आणि ढोबळमानाने दर ६ अंशांना तो दुप्पट होतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे दुर्बिणीला झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या काही फ्रेम घेऊन, त्यांची सरासरी मूळ चित्रातून वजा करणे. या झाकलेल्या फ्रेमना डार्क म्हणतात. कल्पना निर्दोष आहे, फक्त तिच्यात एक अट आहे: डार्क आणि मूळ फ्रेम एकाच तापमानाला घेतलेल्या असल्या पाहिजेत. डीएसएलआरमध्ये हे जमणे कठीण. रात्र चढते तशी हवा गार होत जाते, पण सलग चालणारा कॅमेरा स्वतःच्याच कामाने तापत जातो, आणि या दोघांच्या ओढाताणीत सेन्सर कोणत्या क्षणी किती अंशांवर आहे याचा भरवसा राहत नाही. संध्याकाळी ८ वाजता घेतलेला डार्क पहाटे २ च्या फ्रेमला बसत नसे. जास्त वजा झाले की तप्त पिक्सेलांच्या (उष्णतेने इतरांपेक्षा फार लवकर भरणाऱ्या पिक्सेलांच्या) जागी सुईने टोचल्यासारखी काळी भोके पडत आणि कमी वजा झाले की त्याच जागी लाल-निळे ठिपके उरत. माझ्या कित्येक चित्रांत दोन्ही एकाच वेळी होते.

म्हणून मग शीतकरणाचा कॅमेरा. त्याच्या आत जे घडते त्याचे मूळ १८३४ मधले आहे. जाँ पेल्तिए या फ्रेंच संशोधकाला असे आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून विजेचा प्रवाह सोडला तर एका सांध्यापाशी उष्णता शोषली जाते आणि दुसऱ्यापाशी बाहेर टाकली जाते. आजच्या कॅमेऱ्यात धातूंच्या जागी अर्धवाहकांच्या छोट्या चकत्या असतात आणि बहुधा त्यांचे दोन थर एकमेकांवर रचलेले असतात. वरच्या थराची गार बाजू सेन्सरला टेकलेली आणि खालच्या थराची गरम बाजू धातूच्या पन्हाळींना व पंख्याला. हे यंत्र उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त इकडून तिकडे नेते. त्यामुळे माहितीपत्रकात ‘३५ अंश’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंश कमी एवढाच. बाहेर २९ असेल तर हाती येणार उणे ६. मी ते वाक्य वाचले होते, वजाबाकीही मला येते, पण इतरांच्या चित्रांखाली ‘उणे १०’ आणि ‘उणे २०’ वाचून वाचून तोच आकडा माझ्या डोक्यात बसला होता.

दुसरे गणित मी खूप उशिरा मांडले, ते असे. दर ६ अंशांना दुप्पट हा हिशेब धरला तर ३० अंशांवरून शून्यावर येताना डार्क करंट पाच वेळा निम्मा होतो, म्हणजे मूळच्या ३२ व्या हिश्श्यावर येतो. शून्यावरून उणे १० वर जाताना तो आणखी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो. पहिली घट प्रचंड आहे. दुसरी आहे खरी, पण आधीच क्षुल्लक झालेल्या गोष्टीचा तिसरा हिस्सा करण्यापुरतीच. माझ्या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स ५३३ हा सेन्सर आहे आणि शून्य अंशालाही त्याच्या एका पिक्सेलमध्ये उष्णतेमुळे मिनिटाला एक इलेक्ट्रॉनसुद्धा साठत नाही. त्याच मिनिटात आकाशाचा उजेड मात्र त्याच पिक्सेलमध्ये कितीतरी पट इलेक्ट्रॉन ओततो. उणे ६ आणि उणे १० यांतला फरक त्या पुरात कुठे दिसणार?

मला हा नाद लावणारे एक ज्येष्ठ निरीक्षक आहेत, मी त्यांना काका म्हणते. पहिल्या रात्रीची रडकथा ऐकवल्यावर ते म्हणाले, ‘‘अगं, किती खाली गेलं ते राहू दे. रात्रभरात किती हललं ते सांग.’’ ते १.५ अंशाने हलले होते. शीतकरण १०० टक्के विजेवर चालू असले की नियंत्रकाच्या हाती काही शिल्लक राहत नाही. वाऱ्याची झुळूक आली की सेन्सर गार होतो, वारा पडला की तापतो. उणे ५ मागितले असते तर थोडी तरी वीज हाताशी राहिली असती आणि आकडा ठरलेल्या जागेवरून ढळला नसता. आता मी उन्हाळ्यात शून्य आणि थंडीत उणे १० अशी दोनच तापमाने ठेवली आहेत, आणि वीज ७० ते ८० टक्क्यांच्या वर जात असेल तर मुकाट्याने वरचे तापमान घेते. हा कॅमेरा गार आहे यापेक्षा तो ठरवून दिलेल्या तापमानाला थांबतो ही त्याची खरी किंमत आहे. सहा महिन्यांपूर्वी शून्य अंशाला घेतलेला डार्क आजच्या शून्य अंशाच्या फ्रेमला बसतो. डीएसएलआरवर दोन वर्षे मी ज्यासाठी धडपडत होते ते हेच होते.

पहिली फ्रेम आली तेव्हाचा अनुभव नव्याने शिकणाऱ्यांसाठी सांगण्यासारखा आहे. या कॅमेऱ्याला पडदा नसतो, बटण नसते, मेमरी कार्डही नसते. एक बंद डबा, एक १२ व्होल्टची वायर आणि एक यूएसबीची. संगणकाशिवाय तो निव्वळ वजन आहे. ६० सेकंदांनी चित्र उमटले ते जवळजवळ काळे, मधेच पाच-सहा पांढरे बिंदू. चित्र मोठे करून पाहिले तर राखाडी चौकटींची जाळी दिसली, बुद्धिबळाच्या पटासारखी. सेन्सर रंगीत असला तरी त्याचे पिक्सेल रंग ओळखत नाहीत. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते, दर चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली पेटंट झाली आणि अजून तीच चालते. डीएसएलआर हे जाळे आपल्या आपण उलगडून, उजळवून, रंगवून पाठीवरच्या पडद्यावर दाखवतो, म्हणून ते असते हे कधी जाणवत नाही. इथे सेन्सरने जे मोजले ते जसेच्या तसे हाती येते. फाइल फिट्स या स्वरूपात असते, ३००८ गुणिले ३००८ पिक्सेल, सुमारे १८ एमबी, आणि एखाद्या पिक्सेलचा आकडा पाहिला तर तो ४ ने भाग जाणारा निघतो, कारण १४ बिटांत मोजलेला आकडा १६ बिटांच्या फाइलमध्ये ठेवताना ४ ने गुणलेला असतो. हे कळल्यावर मला विचित्र आनंद झाला होता. आपण फोटो काढत नसून मोजमाप करतो आहोत, याची ती पहिली जाणीव असावी.

गेन आणि एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी प्रकाश साठवण्याचा वेळ) यांवर मी पहिले दोन महिने नुसती चाचपडत होते. गेन म्हणजे किती इलेक्ट्रॉनांना एक आकडा द्यायचा याचे प्रमाण. तो वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. मात्र या सेन्सरमध्ये एक खुबी आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या मोजपट्टीवर गेन १०० ला पोहोचला की आतली विद्युतरचना बदलते आणि फ्रेम वाचताना होणारी चूक, म्हणजे रीड नॉइज, ३ इलेक्ट्रॉनांच्या वरून एकदम दीडच्या आसपास येते. त्यामुळे मी १०० वर थांबले आणि पुढे त्याला हात लावला नाही.

एक्स्पोजर किती मोठे घ्यावे, याचे उत्तर एका छोट्या गणितात आहे. समजा एका फ्रेममध्ये आकाशाच्या उजेडाने प्रत्येक पिक्सेलला १०० इलेक्ट्रॉन दिले. प्रकाश थेंबाथेंबाने येतो, त्यामुळे त्या १०० मध्ये स्वतःचीच अनिश्चितता असते, वर्गमुळाइतकी, म्हणजे १०. रीड नॉइज १.५. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले तर १०.१ येते. म्हणजे रीड नॉइजने जवळजवळ काहीच भर घातली नाही. इथून पुढे एक्स्पोजर लांबवून चित्राच्या दर्जात फरक पडत नाही; उलट विमान गेले, वाऱ्याने दुर्बीण हलली की मोठी फ्रेम वाया जाते आणि ठळक ताऱ्यांचा रंग करपून पांढरा होतो. मी बहुतेक वेळा ६० ते १२० सेकंदांत राहते आणि अशा शे-दोनशे फ्रेम घेते. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले तेव्हा त्यांनी एकच काच ५१ मिनिटे उघडी ठेवली होती. सगळी रात्र एका काचेवर लावायची म्हणजे काय छातीचे काम असेल! आपल्याकडे एक फ्रेम बिघडली तर ती फेकून देता येते.

फ्रेमच्या संख्येबद्दलचा नियम मात्र कठोर आहे. सुस्पष्टता संख्येच्या वर्गमुळाने वाढते. १०० फ्रेमने ती दहापट होते, पण वीसपट करायची तर ४०० लागतात. एका तासाचे चित्र दुप्पट चांगले व्हायला चार तास, आणि पुन्हा दुप्पट व्हायला सोळा. थंड कॅमेरा आणला म्हणून या हिशेबात कुठेही सूट मिळत नाही, आणि खरे सांगायचे तर अशी सूट मिळेल असे मला वाटत होते.

डार्कची गोष्ट आता थोडी सविस्तर सांगते, कारण माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक तिथेच झाली. तापमान ठरलेले असल्यामुळे डार्क रात्री घेण्याची गरज उरत नाही. एखाद्या मोकळ्या दिवशी झाकण लावून ५० फ्रेम घ्यायच्या, त्यांची सरासरी काढून ठेवायची आणि वर्षभर वापरायची, इतके सोपे. मीही ते केले, एका रविवारी सकाळी, दुर्बिणीच्या तोंडावर तिचे प्लॅस्टिकचे झाकण घट्ट बसवून, खिडकीजवळच्या टेबलावर. त्यानंतर तीन महिने माझ्या प्रत्येक चित्राचा डावा खालचा कोपरा काळवंडलेला येत होता. मी आकाशाच्या उजेडाला दोष दिला, दुर्बिणीला दिला, माझ्या प्रक्रियेला दिला. शेवटी एका ढगाळ संध्याकाळी ते ५० डार्क एकेक करून उघडले आणि प्रत्येकाची सरासरी वहीत उतरवू लागले. पहिल्यापासून पन्नासाव्यापर्यंत आकडा हळूहळू चढत गेला होता. तापमान तर शून्यावर स्थिर होते. मग चढले काय? खिडकीतून सरकत टेबलावर आलेले ऊन. डोळ्यांना काळे दिसणारे पुष्कळसे प्लॅस्टिक अवरक्त किरणांना आरपार जाऊ देते, आणि या कॅमेऱ्यात डीएसएलआरसारखा यांत्रिक पडदा नसल्याने सेन्सर सतत उघडाच असतो. माझ्या ‘अंधारा’त सूर्य होता आणि तीन महिने मी तोच सूर्य तेजोमेघांतून वजा करत होते.

आता कॅमेरा दुर्बिणीवरून काढून, त्याला धातूचे झाकण लावून, वर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून, कपाटात ठेवून डार्क घेते. फक्त पंख्यासमोरची जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर बाहेर टाकलेली उष्णता कपाटातच साठते आणि पुन्हा त्या १०० टक्क्यांची वेळ येते. डार्क जुळण्यासाठी तापमान, एक्स्पोजर, गेन आणि ऑफसेट ही चारही मूल्ये जुळावी लागतात. ऑफसेट म्हणजे प्रत्येक पिक्सेलला मुद्दाम दिलेली थोडी चढण, जेणेकरून सगळ्यात काळा पिक्सेलही शून्याला टेकू नये. तो आकडा एकदा चुकून बदलला आणि एक अख्खी रात्र पुन्हा डार्क घेण्यात गेली. काही सेन्सरांच्या कडेला वाचन-विद्युतमंडलामुळे उजेडाचा पिसारा उमटतो, त्याला अ‍ॅम्प ग्लो म्हणतात. आयएमएक्स ५३३ मध्ये तो नाही. ज्यांच्या सेन्सरमध्ये आहे त्यांनीही घाबरू नये, नीट जुळणारा डार्क तो पूर्ण पुसतो.

फ्लॅट, म्हणजे कडांचा मंदपणा आणि धुळीच्या सावल्या चित्रातून काढण्यासाठी घेतलेली एकसारख्या उजेडाची फ्रेम, हा प्रकार मला डार्कपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात गुप्तहेरगिरीची मजा आहे. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून, समोर एकसारखा उजेड धरून फ्रेम घ्यायची, आकडे ६५,५३५ च्या, म्हणजे १६ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या, निम्म्याच्या थोडे खाली येतील अशा बेताने. चित्रात कडांचा मंदपणा दिसतो आणि धुळीच्या कणांच्या सावल्या मेदूवड्यासारख्या गोल उमटतात. या वलयांच्या आकारावरून कण कुठे बसला आहे ते ओळखता येते. माझी दुर्बीण ८० मिलिमीटर व्यासाची आणि ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे एफ ५ (४०० भागिले ८०). एकदा ३०० पिक्सेल रुंदीचे वलय दिसले. एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणून वलयाची रुंदी १.१ मिलिमीटर, त्याला ५ ने गुणले की साडेपाच मिलिमीटर. कण सेन्सरपासून तेवढा दूर, म्हणजे सेन्सरच्या कोठडीवरच्या काचेवर. फुंकणीने एकदा हवा मारली आणि वलय गेले. अख्खी दुर्बीण उघडून पुसत बसण्याचा प्रसंग टळला.

फ्लॅटची अट डार्कच्या उलट आहे. डार्क कधीही चालतो. फ्लॅट त्याच रात्रीचा, कॅमेरा तसूभर न फिरवता, फोकस न बदलता घेतलेला हवा. मी एकदा सकाळी आवरताना कॅमेरा काढला, मग आठवण आली म्हणून पुन्हा लावून फ्लॅट घेतले. थोडासाच फिरला होता तो, पण प्रत्येक वलय शेजारी स्वतःचेच उजळ भूत घेऊन आले. आणि फ्लॅटचेही स्वतंत्र डार्क घ्यावेत, तेवढ्याच एक्स्पोजरचे. त्याऐवजी काही जण बायस, म्हणजे अतिशय छोट्या वेळाच्या झाकलेल्या फ्रेम, वापरतात, पण माझ्या कॅमेऱ्यातल्यासारख्या सीएमओएस सेन्सरचे बायस नेहमी विश्वासाचे नसतात.

अंतराच्या जुळणीबद्दल फार लिहीत नाही. कोपऱ्यांपर्यंत तारे नीट दिसावेत म्हणून दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये फ्लॅटनर नावाचे भिंग लावतात; बहुतेक फ्लॅटनरांना सेन्सर ५५ मिलिमीटरवर लागतो. माझ्या कॅमेऱ्यात सेन्सर तोंडापासून १७.५ मिलिमीटर आत आहे, म्हणून उरलेले ३७.५ कड्यांनी भरायचे, आणि मधे २ मिलिमीटर जाडीचा फिल्टर असेल तर त्याच्या एक-तृतीयांश इतके अंतर वाढवायचे. कोपऱ्यातले तारे लांबट दिसले की आधी हे तपासावे. माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक), ध्रुवदिशेची जुळणी आणि गायडिंग (माग काढताना होणाऱ्या चुका सतत दुरुस्त करणे) यांवर तर स्वतंत्र लेख लागतील. आकाश सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) या गतीने सरकते आणि माझ्या जोडणीत एक पिक्सेल १.९ विकलांचा आहे, म्हणजे माउंट थांबले तर एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल पुढे जातो, एवढे लक्षात ठेवले तरी माउंटवर पैसे वाचवण्याची इच्छा मरते. चौकोनी सेन्सरमुळे माझ्या चित्राची बाजू १.६ अंशांची येते. चंद्र तीन वेळा शेजारी शेजारी मावेल, पण देवयानी दीर्घिका सुमारे ३ अंश लांब असल्याने तिला दोन्हीकडे कात्री लागते. हे मी कॅमेरा घेण्यापूर्वी मोजायला हवे होते.

शीतकरणाचा स्वतःचा असा एक त्रासही आहे: दव. एका दमट रात्री साडेअकरापर्यंतच्या फ्रेम सुरेख आल्या आणि मग ताऱ्यांभोवती धुकट कडे दिसू लागले, कोपरे स्वच्छ पण मध्यभाग दुधाळ. मी दुर्बिणीचे भिंग पुसले, फोकस तपासला, आकाशाकडे पाहिले. आकाश लख्ख होते. शेवटी कॅमेरा काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिला. कोठडीच्या काचेवर, अगदी मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढा धुरकट गोल होता. आतला गार सेन्सर काचेला मधोमध गार करतो आणि बाहेरची वाफ नेमकी तिथेच बसते. यासाठी काचेभोवती एक छोटा हीटर दिलेला असतो; तो सॉफ्टवेअरमध्ये मी बंद ठेवला होता, कारण थंड कॅमेऱ्यात हीटर कशाला, असे मला वाटले होते. दुसरा प्रकार कोठडीच्या आतला. तिथल्या हवेतली वाफ सेन्सरवरच गोठली तर फ्रेममध्ये बर्फाच्या नक्षीसारखे तुरे दिसतात. कोठडीत ओलावा शोषणाऱ्या गोळ्या असतात, त्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे सुकवून पुन्हा बसवाव्या लागतात, आणि कोठडी विनाकारण उघडू नये. रात्र संपल्यावरही शीतकरण एकदम बंद न करता दहा मिनिटांत हळूहळू वर आणावे.

इतके सगळे जुळल्यावर जे मिळते ते पहिल्यांदा नीट दिसले गुलाबाच्या तेजोमेघात, मृगाच्या पूर्वेला. या तेजोमेघाचा लाल उजेड मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर रेषेचा. साध्या डीएसएलआरमध्ये त्वचेचे रंग बरे दिसावेत म्हणून सेन्सरपुढे जो फिल्टर असतो तो याच रेषेचा बराचसा भाग अडवतो, त्यामुळे माझ्या जुन्या चित्रांत गुलाब म्हणजे मळकट तपकिरी डाग होता. नव्या कॅमेऱ्यापुढे ती अडवणूक नाही. त्यात मी हायड्रोजनची ही रेषा आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची, एवढेच सोडणारा फिल्टर लावला होता. रंगीत सेन्सरवर हायड्रोजन चारांपैकी एकाच पिक्सेलमध्ये उतरतो, हा तोटा आहे, आणि एकरंगी कॅमेरा वापरणारे त्यावरून टोमणे मारतात. पण त्या कॅमेऱ्याला प्रत्येक रंगासाठी वेगळा फिल्टर लागतो, आणि मला शिकण्याच्या काळात फिल्टरांची चकती सांभाळायची नव्हती.

तीन रात्रींत मिळून १८० फ्रेम जमल्या, प्रत्येकी १२० सेकंदांच्या, म्हणजे सहा तास. तिन्ही रात्री हवेचे तापमान वेगळे होते, पण सेन्सर उणे १० वर, त्यामुळे एकच डार्क तिघींना पुरला. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रचल्या, पार्श्वभूमी सपाट केली, मग आकड्यांचा खालचा भाग हळूहळू ताणत गेले. आधी कडे आले, मग मधली पोकळी, आणि मग पाकळ्यांवरून पसरलेल्या धुळीच्या काळ्या, किड्यांसारख्या वळणदार रेघा, ज्या माझ्या सेन्सरवर गेल्या तीन रात्री जमत होत्या आणि एकाही फ्रेममध्ये मला दिसल्या नव्हत्या.

त्याच चित्रात, पार्श्वभूमी जरा जास्त ताणल्यावर, तिरक्या पावसासारख्या बारीक रेघाही दिसल्या. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. फ्रेमगणिक आकाश सेन्सरवरून किंचित एकाच दिशेने सरकत असले की सेन्सरची स्थिर खोड रेघ होऊन उमटते. डार्क ती पूर्ण काढत नाही. दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल इकडेतिकडे हलवावी लागते, ज्याला डिदरिंग म्हणतात. दर हलवण्यानंतर माउंट स्थिर होण्यात जाणारी दहा-पंधरा सेकंदे वाचवावीत म्हणून ते मी बंद ठेवले होते. सहा तासांच्या कामात मी फार तर पंचवीस मिनिटे वाचवली आणि त्या रेघा कायमच्या पदरात घेतल्या. चित्र भिंतीवर लावले आहे. पाहुण्यांना रेघा दिसत नाहीत, मला त्याच दिसतात.

आज पूर्ण ढग आहेत. डार्कचा जुना संच एक वर्षाचा झाला आणि तेवढ्या काळात सेन्सरवर नवे तप्त पिक्सेल तयार होतात, म्हणून हे लिहिता लिहिता कपाटात नवा संच चालू आहे: शून्य अंश, १२० सेकंद, गेन १००. ५० पैकी ३७ वी फ्रेम नुकतीच आली. तापमान ०.०, वीज ५८ टक्के, आणि सरासरी पहिल्या फ्रेमपासून जिथल्या तिथे आहे.